किनाऱ्यावरच्या दुर्गम वाड्या, बेटं आणि शाळा: मूल वर्षात किती दिवस पोहोचू शकतं?

खाडीमुख

दुर्गम भागातल्या शाळेची चर्चा बहुतेक वेळा किलोमीटरमध्ये होते. डोंगरात ते काही अंशी चालतं, किनाऱ्यावर चालत नाही. खाडीपलीकडची शाळा नकाशावर ८०० मीटरवर असते. पाणी असेल तर होडीने दहा मिनिटं, पाणी उतरलं की गुडघाभर चिखल, आणि वारा उठला की शाळा त्या दिवसापुरती नाहीच. म्हणून माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न अंतराचा नसावा. मूल वर्षात किती दिवस, किती तास शाळेत पोहोचू शकतं, हा असावा. बोट द्यायची, वाडीतच शाळा काढायची की वसतिगृह, हे त्या आकड्यावरून ठरतं.

आकडा काढायला फार काही लागत नाही. हजेरीपटात 'गैरहजर' एवढंच न लिहिता कारणाचं एक अक्षर लिहायचं: भ (भरती-ओहोटी), व (वारा-पाऊस), ब (बोट किंवा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, नाही), क (काम), आ (आजार), शि (शिक्षकच पोहोचले नाहीत). एक पूर्ण हंगाम, म्हणजे शांत दर्याचे आणि खवळलेल्या दर्याचे महिने दोन्ही धरून, ही नोंद झाली की चित्र दिसतं. 'क' जास्त असेल तर बोट देऊन उपयोग नाही. 'शि' जास्त असेल तर मुलांसाठी काही करण्याआधी शिक्षकांच्या राहण्याचं बघायला हवं.

धाग्यात नेमकी माहिती यावी: मापं, पायऱ्या, काय बिघडतं आणि का.

भरतीरेषा

खाडीमुख, सुरुवात योग्य जागेवरून केलीत. 'भ' या अक्षराबद्दल लिहितो, कारण तिथे सर्वांत जास्त दिवस विनाकारण बुडतात. 'विनाकारण' म्हणतो, कारण हे दिवस वर्षभर आधी कळतात.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. घड्याळावर ठरलेली शाळा आणि चंद्रावर ठरलेलं पाणी यांचा मेळ असाच बसत नाही. पण कोळी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, त्या-त्या ठिकाणी जवळपास त्याच घटकेला येतं. मुंबईच्या आसपास 'तिथीची पाऊणपट' हा हिशोब चालतो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा तास मिळतो: अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, तृतीयेला सव्वादोनच्या. दुसऱ्या किनाऱ्यावर सुरुवातीचा तास वेगळा असतो, पण रोजची सरक तीच. हा अंदाज झाला. वेळापत्रक मात्र जवळच्या बंदराच्या छापील भरती-कोष्टकावरूनच करावं, आणि खाडीत आत असाल तर बंदरापेक्षा किती उशिरा पाणी चढतं तो फरक मोजून त्यात मिळवावा.

आता उंची. पाणी एकसारखं चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या वेळेचे सहा भाग केले तर त्यांत ते एकूण फरकाच्या १, २, ३, ३, २, १ बारांश (बाराव्या भागाच्या पटीत) असं चढतं. उधाणाला ओहोटी ०.६ मीटर आणि भरती ४.२ मीटर असेल तर फरक ३.६ मीटर, आणि चढ अनुक्रमे ०.३, ०.६, ०.९, ०.९, ०.६, ०.३ मीटर. समजा खाडीच्या तोंडावरचा वाळूचा उंचवटा कोष्टकाच्या शून्यापासून ०.७ मीटरवर आहे. होडीचा तळ पाण्यात ०.५ मीटर बुडतो, खाली ०.३ मीटर मोकळं हवं. म्हणजे पाणी १.५ मीटर लागेल. ओहोटीनंतर दोन तासांनी ते मिळतं, ओहोटीच्या दोन तास आधी संपतं. एकूण चार तास वाट बंद.

वरच्या पाऊणपटीच्या किनाऱ्यावर हे मांडलं तर:

अमावास्या: सकाळी ८ च्या पुढे जाता येतं, ४ च्या आत परतायला हवं.
प्रतिपदा: साडेआठनंतर, पावणेपाचच्या आत.
द्वितीया: सव्वानऊनंतर, साडेपाचच्या आत.
तृतीया: दहानंतर. संध्याकाळी सव्वासहापर्यंत पाणी आहे.
चतुर्थी: पावणेअकरानंतर. परतीची अडचण नाही, फक्त अंधार पडायच्या आत.

म्हणजे सात वाजताची ठरलेली फेरी या पाच सकाळी चुकते, आणि पौर्णिमेनंतर पुन्हा पाच. महिन्यातल्या दहा सकाळी. पण प्रत्येक दिवशी साधारण आठ तासांची मोकळी खिडकी आहेच, त्यात पाच तासांची शाळा सहज बसते. तिथीप्रमाणे शाळेची वेळ हलवली तर 'भ' ची गैरहजेरी जवळपास संपते. अष्टमीच्या भांगाला (उधाणाच्या उलट, छोट्या भरती-ओहोटीला) फरकच लहान असतो, उदाहरणार्थ १.७ ते ३.१ मीटर. तेव्हा हा उंचवटा दिवसभर पाण्याखाली राहतो, वाट कधीच अडत नाही.

वल्हवणी

भरतीरेषा, एक पुरवणी. धक्का उंचावर बांधला असेल तर हेच गणित उलटं होतं. होडी लागायला ३.५ मीटर पाणी लागणारा धक्का भांगाच्या दिवसांत अजिबात चालत नाही, कारण पाणी ३.१ च्या वर जातच नाही. उधाणाला तो भरतीच्या दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम साडेतीन तास चालतो. मुलं जातात, पण त्याच पाण्यात परत येऊ शकत नाहीत. असे धक्के बांधले जातात याचं एक ठरलेलं कारण आहे. भरती-कोष्टकाचा शून्य हा जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीला धरलेला असतो, आणि जमिनीच्या मोजणीचा शून्य समुद्राच्या सरासरी पातळीला. आराखडा करणाऱ्याने दोन्ही एकच समजले की धक्का मीटर-दोन मीटर चुकतो. आराखडा मंजूर होण्याआधी 'ही उंची कुठल्या शून्यापासून?' हे लेखी विचारून घ्यावं.

जिथे फरक मोठा आहे तिथे तरंगता फलाट आणि बिजागरीवरची शिडी बरी. ३.६ मीटर फरकासाठी १२ मीटर लांब शिडी घेतली तर पूर्ण ओहोटीला उतार सुमारे १७ अंश येतो. मुलांना तो जमतो, पण आडव्या पट्ट्या हव्यात आणि कठड्याला मोठ्यांच्या दांडीखाली, पायाखालच्या फळीपासून ६०-७० सेंटिमीटर उंचीवर दुसरी दांडी हवी. फलाट धरणारे खांब सर्वांत मोठ्या उधाणाच्या बरेच वर जायला हवेत. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर येतं, किनाऱ्याकडे ढकलणारा वारा त्यात भर घालतो. खांब आखूड पडला तर वादळात फलाट वरून निसटून वाहून जातो.

पाटीपेन्सिल

वेळ हलवण्याची कल्पना पटली. पण ज्या शाळेत अर्धी मुलं खाडीपलीकडची आणि अर्धी याच काठची, तिथे सगळी शाळा तिथीवर कशी चालवणार? पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, दुसरीकडून येणारे शिक्षक, सगळ्यांनाच ते झेपायला हवं.

भरतीरेषा

पाटीपेन्सिल, सगळी शाळा हलवायची गरज नाही. मधले तीन-साडेतीन तास दोन्ही काठांसाठी सामाईक ठेवायचे आणि भाषा-गणित त्यातच घ्यायचं. खेळ, चित्रकला, वाचनालय, मागे पडलेल्यांचा सराव हे दोन्ही टोकांना. पलीकडच्या मुलांचं टोक तिथीप्रमाणे कधी सकाळी, कधी दुपारी येतं. आहाराची वेळ कायम राहते. वर्षाचं तक्ता-वेळापत्रक जूनआधी छापून प्रत्येक घरात आणि धक्क्यावर लावायचं. रोज फोनवर कळवायची पद्धत टिकत नाही. एक निरोप चुकला की मुलं चिखलात उभी राहतात, आणि दोन-तीनदा तसं झालं की घरची माणसं पाठवणं बंद करतात.

वल्हवणी

आता बोट. शाळेची फेरी ही मासेमारीची फेरी नव्हे, माल तोलायची पद्धत इथे लावू नये. 'दोन मुलं म्हणजे एक माणूस' हे वजनाला खरं असेल, तोलाला नाही. धक्का जवळ आला की सगळी मुलं एकदम एका बाजूला उभी राहतात, आणि लहान बोट वजनाने नाही तर त्या हालचालीने उलटते. म्हणून जितकी बसायची जागा तितकीच मुलं, दप्तरं मध्ये तळाशी, आणि तांडेलाशिवाय दुसरं एक मोठं माणूस फक्त मुलांकडे लक्ष द्यायला. चढताना-उतरताना एकेक मूल, बोटीच्या मध्यातून. चढल्यावर मोजणी, उतरल्यावर मोजणी, नावांची यादी दोन्ही काठांवर. यादी फक्त बोटीत असेल तर नेमक्या गरजेच्या वेळी ती पाण्यात असते.

लाइफ जॅकेट (न्यूटन हे ते किती जोराने तरंगवतं याचं माप): आडोशाच्या शांत पाण्यात आणि न पोहणाऱ्यांसाठी किमान १०० न्यूटनचं, खुल्या समुद्रात १५० न्यूटनचं. ५० न्यूटनचं हे पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तिथेच. माप वयावरून नाही, वजनावरून घ्यायचं. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. तपासायची सोपी पद्धत: जॅकेट घालून खांद्याशी धरून वर ओढा. हनुवटी किंवा कान झाकले गेले तर ते मोठं आहे. फुगणारी जॅकेटं शाळेसाठी घेऊ नका, त्यांच्या गॅसच्या नळकांड्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात आणि ते राहून जातं. फोमची घ्या, आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. उन्हात कापड आणि शिलाई दोन्ही कुजतात.

इंजिन बंद पडण्याची कारणं ठरलेली असतात: इंधनात पाणी, चिखल ओढून झिजलेला पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं चक्र), बोट ढकलणाऱ्या पंख्यात अडकलेलं जाळं किंवा प्लास्टिक. त्यामुळे बोटीत पाणी वेगळं करणारा इंधन फिल्टर आणि एक जादा, जादा इंपेलर, स्पार्क प्लग, शियर पिना (पंखा अडकला की स्वतः तुटून इंजिन वाचवणाऱ्या), पाना-पक्कड आणि एक धारदार सुरी. त्याशिवाय दोन वल्ही, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी, आणि नांगराला खोलीच्या पाच ते सातपट दोर. मोबाइलचं जाळं खात्रीचं नसेल तर व्हीएचएफ रेडिओ, चॅनल १६ (संकटात हाक द्यायची वाहिनी) लावलेला. तांडेलाच्या मनगटाला किल कॉर्ड बांधलेली हवी. तो पाण्यात पडला तर इंजिन थांबायला हवं, कारण पाण्यातल्या माणसाला खरी भीती पंख्याची असते.

'आज जायचं की नाही' हे कुणी ठरवायचं? फक्त तांडेलाने. मुख्याध्यापकांनी नाही, पालकांनी नाही. मर्यादा आधी लिहून ठेवायची. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापावर ५, म्हणजे १७ ते २१ नॉट वारा, ही बहुतेक लहान उघड्या बोटींसाठी थांबायची रेषा. आणि वारा कमी असला तरी, ओहोटीचं पाणी खाडीबाहेर धावतंय आणि समोरून लाटा येताहेत, अशा वेळी तोंडावरचा उंचवटा ओलांडू नये. तिथे लाट उभी राहते. भरती पूर्ण होत आलेली असताना जावं.

यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम पैशाचं आहे. तांडेलाला डोईमागे पैसे दिले की बोट भरून जाते. फेरीमागे दिले की तो नको त्या वाऱ्यात निघतो, कारण न निघालं तर त्याची चूल बंद. करार 'तयार असलेल्या दिवसा'चा हवा: बोट, जॅकेटं, इंधन, सोबतीण वेळेवर हजर म्हणजे पूर्ण दिवसाचे पैसे, मग समुद्राने जाऊ दिलं असो वा नसो. सुरक्षिततेच्या फलकांपेक्षा या एका कलमाने जास्त मुलं सुखरूप राहतात.

दोनशिक्षकी

वल्हवणीदादा, तुमच्या कराराच्या कलमाला मनापासून सहमत. पण धागा बोटीकडे फार झुकतोय असं वाटतं. सहा-सात वर्षांच्या मुलाने रोज समुद्र ओलांडावाच का? पहिली ते चौथी-पाचवी वाडीतच, मुलं बारा असली तरी. पुढचं बोटीने किंवा वसतिगृहाने. स्कॉटलंडमध्ये एग आणि मक या छोट्या बेटांवर प्राथमिक शाळा बेटावरच आहे, आणि माध्यमिक वर्गांची मुलं मुख्य भूमीवरच्या मॅलेगला वसतिगृहात राहून शिकतात. तिथे लोकवस्ती आपल्या एखाद्या पाड्याएवढी. कमी पटाची शाळा बंद करून 'वाहतूक भत्ता' देणं कागदावर स्वस्त दिसतं, कारण बुडालेले दिवस त्या कागदावर नसतात.

लहान शाळेची खरी कमजोरी पट ही नाही, एकच शिक्षक ही आहे. तो आजारी पडला, प्रशिक्षणाला गेला, पगाराच्या कामाला तालुक्याला गेला की शाळा बंद. आणि तो मुलांच्याच बोटीने येत असेल तर वारा एकाच फटक्यात शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही तोडतो. म्हणून शिक्षकाने रात्री शाळेच्या काठाला झोपायला हवं. त्यासाठी शाळेला लागून दोन खोल्या, संडास, पाणी, दिवा आणि दाराला आतून भक्कम कडी. शिक्षिका राहायला तयार नाहीत असं म्हटलं जातं तेव्हा बहुधा या शेवटच्या दोन-तीन गोष्टी नसतात. घर दिलं पण संडास सार्वजनिक, असं केलं तर कुणीही टिकणार नाही.

दुसरी व्यक्ती वाडीतलीच हवी. बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा, मुलांची बोली जाणणारा, पहिली-दुसरीसाठी. त्यांना नुसतं 'मदतनीस' ठेवू नका. वाचन शिकवायचं पद्धतशीर प्रशिक्षण, ठरलेलं मानधन आणि पुढे शिक्षकपदविका करायची वाट द्या. बोटीने येणाऱ्या शिक्षकाची बदली होते, वाडीतली बाई राहते.

हजेरीपट

बहुवर्ग अध्यापनाबद्दल थोडं. एका शिक्षकाने चार वर्ग म्हणजे प्रत्येक वर्गाला पाव वेळ, असं धरून शिकवलं तर मुलं तीन चतुर्थांश वेळ नुसती बसतात. कोलंबियात १९७० च्या दशकात विकी कोल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी उभी केलेली 'एस्कुएला नुएवा' पद्धत याच अडचणीतून आली. मूल स्वतः वाचून पुढे जाऊ शकेल अशी स्वाध्याय-पुस्तिका, गटात काम, आणि वर्षअखेरीच्या पास-नापासाऐवजी ज्याच्या-त्याच्या गतीने पुढचा टप्पा. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीची कार्ड-शिडीची पद्धत त्याच जातीची. भिंतीवर टप्प्यांची शिडी, प्रत्येक टप्प्याला क्रमांकाची कार्डं, मूल आपलं कार्ड स्वतः काढतं.

किनाऱ्यासाठी याचा खास फायदा आहे. मूल आठ दिवस दर्यामुळे किंवा घरच्या कामामुळे आलं नाही तर ते 'मागे पडत' नाही. जिथे थांबलं त्या कार्डापासून सुरू करतं. साध्या वर्गात त्याला वर्ग पुढे गेलेला दिसतो, आणि दोन-तीनदा असं झालं की ते येणंच सोडतं.

काय बिघडतं: कार्डं दमट हवेत वाकतात, बुरशी धरतात. लॅमिनेट करताना चारही बाजूंना किमान ५ मिलिमीटर नुसती प्लास्टिकची कड सोडा. कागदाच्या कडेला कापलं की दमट हवा आत शिरते. कार्ड हरवली की शिडी तुटते, म्हणून प्रत्येक संचाचा एक मूळ संच बंद डब्यात. आणि शिक्षकाला पहिल्या वर्षी निदान महिन्यातून एकदा दुसऱ्या बहुवर्ग शिक्षकाबरोबर बसायला मिळायला हवं. कार्डं पाठवून प्रशिक्षण न देणं हे या पद्धतीच्या अपयशाचं नेहमीचं कारण आहे.

खाडीमुख

दोनशिक्षकी ताई, लहानांसाठी वाडीतच शाळा, हे मान्य. मग तासांचं गणितही मांडू. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवलेत, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. २०० दिवसांत ८०० म्हणजे रोज चार तास. दर्यामुळे ४० दिवस गेले तर १६० तास बुडतात. उरलेल्या १६० दिवसांत रोज पाच तास घेतले की ८०० पुरे होतात. दिवसांची अट तरी उरतेच, ती सुट्ट्या हलवून भरायची. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हा आईबाप घरी, मोठी भावंडं मोकळी, पण दर्या खवळलेला. बोटीने जाणाऱ्या मुलांची मोठी सुट्टी तेव्हा असणं शहाणपणाचं, वाडीतल्या शाळेसाठी मात्र तेच दिवस सर्वांत भरगच्च हजेरीचे. एकच सुट्टी सगळ्यांना लावली की दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

आणि बोटीवर खलाशी म्हणून गेलेल्या बापाबरोबर जे कुटुंब बंदर बदलतं, त्यांच्यासाठी: याच कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. 'दाखला आणा, मग बघू' हे उत्तर कायद्याला धरून नाही. पालकांनी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, तोंडी नकाराला काही पुरावा राहत नाही.

पाटीपेन्सिल

तरंगत्या शाळेबद्दल कुणी सांगेल का? बातम्यांतून फार छान दिसतात.

मीठवारा

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. बांगलादेशात स्थापत्यकार मोहम्मद रझवान यांच्या 'शिधुलाई स्वनिर्वर संस्थे'ने २००२ पासून नौका-शाळा चालवल्या. बोट काठाकाठाने मुलं गोळा करते, कुठेतरी बांधून सुमारे ३० मुलांचा वर्ग घेते, त्यांना सोडते आणि पुढच्या गटाकडे जाते. म्हणजे मुलांची ने-आण आणि वर्ग एकच. हे नद्या आणि पूरक्षेत्राचं पाणी आहे. लाट कमी, आणि नाव बांधणारे कारागीर गावातच. दुसरं नायजेरियात लागोसच्या मकोको वस्तीतलं. २०१३ मध्ये प्लास्टिकच्या पिंपांवर उभी केलेली तीन मजली लाकडी शाळा जगभर गाजली, आणि जून २०१६ मध्ये वादळी पावसात कोसळली. उंच, वारा धरणारी, एका जागी दोरखंडांवर बांधलेली रचना रोज हलत राहते. प्रत्येक सांध्यावर रोजचा ताण येतो, आणि देखभालीचा माणूस व खर्च आधीच ठरलेला नसेल तर ती थकते.

उघड्या समुद्राच्या किनाऱ्यावर तरंगती शाळा सुचवणार नाही. शांत खाडीत, बसकी, खेचून आडोशाला नेता येणारी असेल तर विचार करावा.

जमिनीवरच्या इमारतीचं सांगतो. समुद्राचे तुषार जिथे पोहोचतात तिथे भारतीय मानक ४५६ प्रमाणे एम ३५ प्रतीचं (मजबुतीचं) काँक्रीट आणि सळईवर ५० मिलिमीटर आवरण लागतं. प्रत्यक्षात २०-२५ मिलिमीटर सोडलेलं दिसतं, मीठ आत जाऊन सळई फुगते आणि काही वर्षांतच छताचे पोपडे मुलांच्या डोक्यावर पडायला लागतात. समुद्राची वाळू किंवा खाडीचं पाणी काँक्रीटमध्ये नको. सळईखाली आवरणाचे ठोकळे ठेवलेत का, हे ओतण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणीही टेप लावून बघावं. त्याला इंजिनियर लागत नाही. पत्रे उडतात ते कडेचे आणि कोपऱ्याचे आधी, तिथे हुक-बोल्ट दुप्पट जवळ घ्या आणि खिळे कुठेच नकोत.

बांगलादेश आणि ओडिशात चक्रीवादळ-निवारे खांबांवर उंच बांधून एरवी शाळा म्हणून वापरतात. चांगली गोष्ट आहे. फक्त वादळानंतर माणसं किती दिवस राहतील, बाकं-पुस्तकं कुठल्या खोलीत बंद करायची, साफसफाई कुणाची, हे आधी लिहून ठेवावं. नाहीतर वादळ एका दिवसाचं आणि शाळा महिनाभर बंद.

पाणी: छताच्या १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ६० मुलं, डोई २ लिटर, १०० कोरडे शाळा-दिवस: १२,००० लिटर. ६० चौरस मीटर छतावर, वीस टक्के वाया धरून, २५० मिलिमीटर पावसात टाकी भरते. पहिल्या पावसाचं ३० ते ६० लिटर पाणी वेगळं सोडायची नळी हवीच, त्यात मीठ आणि पक्ष्यांची घाण असते. टाकीच्या तोंडाला डासांची जाळी. संडासासाठी भूजल उंच असेल तर खड्डा खाली खणू नका, जोतं उंच करून वर बांधा. नाहीतर उधाणाला मैला वर येतो, संडास बंद होतो, आणि सर्वांत आधी मोठ्या मुली शाळेत यायच्या थांबतात.

हजेरीपट

मीठवारा, टॅब्लेट आणि सौर संचाबद्दलही लिहाल का? देणगीत बहुधा तेच येतं.

मीठवारा

इंटरनेटची वाट बघू नका. 'कोलिब्री' हे मोफत सॉफ्टवेअर एका छोट्या संगणकावर टाकून वर्गातच वाय-फाय देता येतं. नवीन साहित्य महिन्या-दोन महिन्यांनी मेमरी कार्डावर बोटीने येऊ द्या.

वीज: २० टॅब्लेट, प्रत्येकी सुमारे १८ वॅट-तास, तूट धरून ५००. छोटा संगणक दिवसाला ६०. चार दिवे तीन तास, ११० च्या आसपास. एकूण ६७० वॅट-तास. १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरली तर सुमारे १,००० वॅट-तास देते. चार तासांचं चांगलं ऊन आणि ३० टक्के तूट धरली तर २४० वॅटचं पॅनेल पुरतं. मीठ साचून उत्पादन घटतं म्हणून ३३० च्या आसपासचं घ्या. ढगाळ महिन्यांत यातलं निम्मंही मिळणार नाही, तेव्हा आधी दिवे आणि संगणक, टॅब्लेट दिवसाआड.

संच बंद पडतो तो बॅटरीने क्वचित, जोडांनी जास्त. पॅनेलचे कनेक्टर पत्र्यावर लोंबत ठेवले की हिरवे होतात. ते पॅनेलखाली बांधा, पाणी ठिबकून जाईल असा तारेला खाली झोल द्या. पंख्याचा इन्व्हर्टर खारी हवा आत ओढतो, बिनपंख्याचा घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला ३१६ प्रतीचे स्टेनलेस बोल्ट, मध्ये नायलॉनचा वॉशर. टॅब्लेट रात्री झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि पुड्या महिन्याला गरम करून कोरड्या. मात्र बहुवर्गाची कार्डं आणि दुसरा शिक्षक नसताना आधी टॅब्लेट घेऊ नका. पैसे एकदाच येतात.

दोनशिक्षकी

वसतिगृहाचं राहिलं. साधारण अकरा-बारा वर्षांखाली नको, आणि घरी जायचे दिवस ठरवताना दर आठवड्याचे शुक्रवार-सोमवार नकोत. तिथेही भरतीरेषा यांनी दिलेला तिथीचा तक्ता लावा. भांगाच्या दिवसांना धरून पंधरवड्यातून एकदा, दोन जोडून सुट्ट्या. मुलींच्या वसतिगृहात रात्री राहणारी गृहपाल आणि तिची बदली-व्यक्ती, दोघीही नेमलेल्या हव्यात. प्रत्येक मजल्याला बाहेर पडायच्या दोन वाटा, खिडक्यांचे गज आतून उघडणारे. घरी फोन करायची रोजची ठरलेली वेळ ही सवलत समजू नये, पहिल्या महिन्यात मूल टिकतं की पळून जातं ते बरंचसं त्यावर असतं.

पाटीपेन्सिल

'क' अक्षराबद्दल कुणीच लिहिलं नाही. पहाटे लिलावाला आई जाते, धाकट्याला सांभाळायला थोरली घरी. कोळंबी सोलायच्या दिवसांत तर सात-आठ वर्षांच्या मुलीही बसतात.

खाडीमुख

पाटीपेन्सिल, हे वर यायला हवं होतं. यावर चालणारी गोष्ट म्हणजे शाळेच्या आवारात किंवा लिलावाच्या जागेजवळ अंगणवाडी-पाळणाघर, लिलावाच्या आधी उघडणारं. नऊ वाजता उघडलं तर उपयोग नाही, तोवर थोरलीचा दिवस गेलेला असतो. हजेरीपटात 'क' च्या पुढे कुठलं काम तेही लिहा: सांभाळ, सोलणं, जाळी, पाणी भरणं. 'पाणी भरणं' दिसलं तर वाडीतला नळ दुरुस्त करणं हे शाळेचं काम आहे असं समजून ग्रामपंचायतीकडे त्या नोंदीसह अर्ज द्यावा. 'सोलणं' दिसलं तर आधी खरेदीदाराशी बोला, आईबापांशी नंतर. किलोमागे दर देऊन मुलांना बसवायला भाग पाडतो तो तोच.

नोंदीचा नमुना-तक्ता आणि तिथीचं कोरं वेळापत्रक मी पुढच्या प्रतिसादात टाकतो. ज्यांच्या शाळेची खाडी आत आहे त्यांनी बंदरापेक्षा किती मिनिटं उशिरा पाणी चढतं तेवढं इथे लिहा. उधाणाचा एक दिवस आणि भांगाचा एक दिवस, दोन्ही मोजा, फरक वेगळा निघतो.